वृद्धशुश्रूषागृहांतील विषाणुजन्य रोगांचा प्रतिबंध

वार्धक्यामुळे किंवा दीर्घकालीन आजारामुळे ज्यांना दैनंदिन व्यवहारांसाठी सतत दुसऱ्याच्या साहाय्याची आवश्यकता असते, अशा वृद्धांच्या निवासाची व शुश्रूषेची एकत्र सोय करणाऱ्या संस्थेला वृद्धशुश्रूषागृह म्हणतात. अशा संस्थेत विषाणुजन्य रोग, विशेषतः श्वसन तंत्राचे व आतड्याचे, एकदा शिरले की ते अल्पावधीत साथीचे रूप घेतात आणि त्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्वतःच्या घरी राहणाऱ्या समवयस्कांपेक्षा पुष्कळच अधिक असते. या रोगांचा प्रवेश रोखणे, प्रवेश झालाच तर तो लवकर ओळखणे आणि फैलाव मर्यादित ठेवणे यांसाठी करावयाच्या लसीकरणादी पूर्वतयारीचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

भारतात ‘नर्सिंग होम’ वा ‘शुश्रूषागृह’ या संज्ञेने सामान्यतः लहान खासगी रुग्णालयाचा बोध होतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमातही ती याच अर्थाने आली आहे. येथे मात्र पाश्चात्त्य देशांतील दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्था अभिप्रेत आहेत. आपल्याकडील वृद्धाश्रमांत प्रवेश घेणाऱ्या व्यक्ती बहुधा हिंडत्याफिरत्या असतात. परंतु तेथेच त्यांचे वय वाढत जाते व कालांतराने आश्रमाचा एक भाग नकळत शुश्रूषागृहच बनतो. त्यामुळे पुढील विवेचन वृद्धाश्रमांनाही बव्हंशी लागू पडते.

संसर्गास पोषक परिस्थिती : ही परिस्थिती तीन कारणांनी निर्माण होते. पहिले कारण वृद्धाच्या शरीरातच असते. नव्या रोगकारकाशी सामना करणाऱ्या टी-लसीका कोशिका ज्या यौवनलोपी ग्रंथीत (छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत) परिपक्व होतात, ती ग्रंथी तारुण्यापासूनच आकुंचन पावू लागते. उतारवयात या नव्या कोशिकांचा पुरवठा अगदीच तुटपुंजा राहतो व प्रतिपिंडे (रोगकारकाविरुद्ध रक्तात तयार होणारी विशिष्ट प्रथिने) कमी प्रमाणात निर्माण होतात. याचा दुहेरी परिणाम होतो : रोग अधिक तीव्र होतो आणि तो टाळण्यासाठी दिलेली लसही कमी प्रभावी ठरते. खोकल्याची प्रतिक्षेपी क्रिया मंदावणे, गिळण्यातील अडथळे, मधुमेह, हृदयाचे व फुप्फुसांचे जुने विकार यांची त्यात भर पडते. [⟶ रोगप्रतिकारक्षमता]

दुसरे कारण निवासाच्या रचनेत असते. एका खोलीत दोघेतिघे राहतात, जेवण एकत्र होते, स्नानगृह सामाईक असते. अंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही कामे दूर राहून करता येत नाहीत. एकच मदतनीस ती एकामागून एक अनेकांसाठी करीत असतो.

तिसरे कारण म्हणजे बाहेरच्या जगाशी येणारा संबंध. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती रोग आणावयास बाहेर जात नाही. तो तिच्याकडे आणला जातो. कर्मचारी, भेटीस येणारे आप्तेष्ट व रुग्णालयातून परतणारे सहनिवासी हे त्याचे मार्ग होत. यांपैकी कर्मचाऱ्यांचे महत्त्व सर्वाधिक आहे. अनेक देशांत हे काम अल्प वेतनाचे असून आजारपणाची भरपगारी रजा सर्वांना मिळत नाही. त्यामुळे अंगात कणकण असतानाही कामावर येणे व उत्पन्नासाठी दोन-दोन संस्थांत काम करणे, हे प्रकार घडतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोविड-१९ ची वृद्धशुश्रूषागृहातील पहिली मोठी साथ फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथे उघडकीस आली. १८ मार्चपर्यंत तिच्याशी संबंधित १६७ रुग्ण आढळले. त्यांत १०१ निवासी, ५० कर्मचारी व १६ भेटीस आलेले लोक होते. बाधित निवाशांपैकी सु. एक-तृतीयांश दगावले. लक्षणे असतानाही कामावर येणारे व एकाहून अधिक संस्थांत काम करणारे कर्मचारी हे रोगाचा फैलाव होण्याचे एक कारण असल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्याच परिसरातील दुसऱ्या एका संस्थेत ७६ निवाशांची तपासणी केली असता ४८ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. त्यांपैकी २७ जणांत तपासणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. केवळ आजारी दिसणाऱ्यांना वेगळे काढून साथ आटोक्यात येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. कॅनडात पहिल्या लाटेतील कोविड मृत्यूंपैकी सु. ८०% मृत्यू वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांत झाले.

प्रमुख विषाणुजन्य रोग : इन्फ्ल्यूएंझा हा यांतील सर्वांत जुना परिचित रोग होय. त्याच्या पाठोपाठ होणारा जंतुजन्य फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) वृद्धांच्या मृत्यूचे मोठे कारण ठरतो. म्हणून न्यूमोकॉकस या जंतूविरुद्धची लसही विषाणुरोगांच्या पूर्वतयारीचाच भाग समजली जाते. कोविड-१९ चा विषाणू २०१९ च्या अखेरीस ज्ञात झाला. लहान मुलांचा रोग म्हणून ओळखला जाणारा रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणूचा (आरएसव्ही) संसर्ग वृद्धांतही गंभीर रूप धारण करतो.

नोरोविषाणूमुळे उलट्या व जुलाब होतात. ओहायओ राज्यातील नॉर्वॉक येथील शाळेत १९६८ मध्ये उद्‌भवलेल्या साथीवरून त्याचे नाव पडले. अत्यल्प विषाणूंनीही संसर्ग होत असल्याने तो खोल्याखोल्यांतून वेगाने पसरतो. वृद्धाला खरा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा असतो. त्यावर अद्याप सर्रास वापरता येईल अशी लस नाही. हातांना लावावयाच्या अल्कोहॉलयुक्त द्रवाचा त्यावर विशेष परिणाम होत नाही. साबण व वाहते पाणी यांनी हात धुणे आणि दूषित जागा क्लोरीनयुक्त द्रावाने पुसणे हेच उपाय आहेत.

नागीण हा रोग बाहेरून येत नाही. बालपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तंत्रिकांच्या गुच्छिकांत सुप्त राहिलेला विषाणू प्रतिकारशक्ती क्षीण झाली की जागृत होतो. पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकणारी वेदना वृद्धाचे जिणे असह्य करते. यकृतशोथ-ब या रोगाच्या साथी वृद्धनिवासांत वेगळ्याच मार्गाने झाल्या आहेत : मधुमेहींच्या रक्तातील साखर तपासताना बोटाला टोचण्याचे एकच उपकरण अनेकांसाठी वापरले गेल्याने रक्तातून विषाणूचा प्रसार झाला. ज्याचे त्याला स्वतंत्र उपकरण देणे, एवढ्या साध्या शिस्तीने ही आपत्ती टळते.

निवाशांचे लसीकरण : मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू १९३३ मध्ये वेगळा करण्यात आला. १९५७-५८ च्या जागतिक साथीतील वृद्धांची हानी पाहून १९६० पासून अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना दरवर्षी लस देण्याची शिफारस सुरू झाली. २००५ पासून तेथील शासकीय विमा योजनांतून पैसे घेणाऱ्या शुश्रूषागृहांवर निवाशांना इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोकॉकस यांच्या लसी देऊ करण्याचे बंधन आहे. विषाणूची घडण सतत बदलत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीच्या घटकांची शिफारस करते. [⟶ इन्फ्ल्यूएंझा]

वृद्धांतील क्षीण प्रतिसादावर मात करण्याचे दोन मार्ग शोधले गेले. एका मार्गात लशीतील प्रतिजनाची (प्रतिपिंड निर्मितीस चेतना देणाऱ्या द्रव्याची) मात्रा चौपट करतात. अशी लस अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झाली. तेथील ८२३ शुश्रूषागृहांत २०१३-१४ च्या हंगामात केलेल्या तुलनेत, ही लस दिलेल्या संस्थांतून श्वसनविकारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण नेहमीची लस दिलेल्या संस्थांपेक्षा सु. १३ टक्क्यांनी कमी आढळले. दुसऱ्या मार्गात प्रतिजनाचा परिणाम वाढविणारे साहाय्यक द्रव्य लशीत मिसळतात; इटलीत १९९७ पासून अशी लस उपलब्ध झाली. नागिणीवरील साहाय्यक द्रव्ययुक्त लस (अमेरिकेत मान्यता २०१७, भारतात उपलब्ध २०२३) सत्तरीनंतरही सु. ९०% संरक्षण देते असे मोठ्या चाचण्यांत दिसले. वार्धक्यात लस निरुपयोगीच ठरते, हा समज त्यामुळे खोटा ठरला आहे. आरएसव्हीवरील लसी वृद्धांसाठी अमेरिकेत मे २०२३ मध्ये प्रथम मान्य झाल्या.

कोविडवरील लशीच्या वाटपात ग्रेट ब्रिटनने वृद्धनिवासांतील रहिवासी व त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी या दोहोंना अग्रक्रमाच्या पहिल्या गटात एकत्र ठेवले, ही गोष्ट लक्षणीय आहे. २०२१ च्या प्रारंभीच्या लसीकरणानंतर अमेरिकेतील शुश्रूषागृहांत मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. तथापि संसर्गाविरुद्धचे संरक्षण टिकाऊ नव्हते : मार्च-मे २०२१ मध्ये सु. ७५% असलेली परिणामकारकता विषाणूचा डेल्टा प्रकार पसरल्यावर जून-जुलैत सु. ५३ टक्क्यांवर आली. म्हणून वर्धक मात्रा आवश्यक ठरल्या.

सभोवतालच्या व्यक्तींचे लसीकरण : वृद्धाचे शरीर लशीला पुरेसा प्रतिसाद देत नसेल, तर ज्यांचे शरीर तो देते अशा निकटच्या व्यक्तींना लस देऊन त्याच्याभोवती संरक्षक कडे उभारावे, ही कल्पना यातून पुढे आली. ग्लासगो येथील वृद्धांच्या बारा दीर्घकालीन रुग्णालयांत १९९४-९५ च्या हिवाळ्यात केलेल्या अभ्यासात, कर्मचाऱ्यांना इन्फ्ल्यूएंझाची लस दिलेल्या ठिकाणी रुग्णांचे मृत्युमान १०%, तर इतरत्र १७% आढळले. पुढे वीस रुग्णालयांच्या अभ्यासातही (२०००) ही प्रमाणे अनुक्रमे १३·६% व २२·४% अशी आली. मात्र प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्ल्यूएंझाच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे या निष्कर्षांच्या बळकटीविषयी तज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटनमधील वृद्धनिवासांतील आणखी एका अभ्यासात साथ जोरात असलेल्या हंगामात लाभ दिसला, सौम्य हंगामात दिसला नाही.

जपानमधील अनुभव वेगळ्या दिशेने याच तत्त्वाकडे नेतो. तेथे १९६२ पासून शाळकरी मुलांना इन्फ्ल्यूएंझाची लस देण्यात येई. १९८७ मध्ये पालकांना नकाराची मुभा मिळाली व १९९४ मध्ये हा कार्यक्रम थांबला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार हा कार्यक्रम चालू असताना दरवर्षी सु. ३७,००० ते ४९,००० मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, टळत होते. लस नातवंडांना टोचली जात होती. वाचत होते ते आजीआजोबा.

कर्मचाऱ्यांच्या लसीकरणात सक्तीचा प्रश्न नाजूक आहे. इंग्लंडमध्ये ११ नोव्हेंबर २०२१ पासून वृद्धनिवासांतील कर्मचाऱ्यांना कोविडची लस सक्तीची करण्यात आली. त्यामुळे लसीकरण वाढले, परंतु काही कर्मचाऱ्यांनी काम सोडले आणि मनुष्यबळाची आधीचीच टंचाई वाढली. १५ मार्च २०२२ रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. लस कामाच्या जागीच व कामाच्या वेळेत विनामूल्य देणे, ती घेतल्यावर ताप आल्यास भरपगारी रजा देणे आणि शंकांना आदराने उत्तर देणे, हे मार्ग सक्तीइतके जलद नसले तरी कर्मचारी टिकवून ठेवणारे आहेत.

साथीची पूर्वतयारी : रोग लवकर ओळखणे ही पूर्वतयारीची पहिली पायरी होय. अतिवृद्धांत ताप व खोकला ही नेहमीची लक्षणे अनेकदा नसतात. अचानक आलेला गोंधळलेपणा, जेवणाचा कंटाळा, झोप येत राहणे किंवा तोल जाऊन पडणे हीच संसर्गाची पहिली खूण असू शकते. शरीराचे तापमानही मुळात कमी असल्याने या वयात तोंडातील तापमान एकदा ३७·८° से. च्या वर गेले किंवा नेहमीच्या पातळीपेक्षा १·१° से. हून अधिक वाढले, तर तो ताप समजावा असा संकेत आहे. ‘आज आजी नेहमीसारख्या नाहीत’ हे रोज भरविणाऱ्या मदतनिसाचे निरीक्षण पुष्कळदा तापमापकाच्या आधी सूचना देते. ते नोंदवून घेण्याची व वैद्यांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था असावी लागते.

बाहत्तर तासांत दोन निवासी आजारी पडले व त्यांपैकी एकात इन्फ्ल्यूएंझा सिद्ध झाला, तर ती साथ समजून आजारी नसलेल्या निवाशांनाही ओसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधी औषध प्रतिबंधासाठी द्यावे, अशी अमेरिकेतील आरोग्य खात्याची शिफारस आहे. ते किमान दोन आठवडे व शेवटचा रुग्ण आढळल्यानंतर सात दिवसांपर्यंत चालू ठेवतात. मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा ठरवावी लागत असल्याने प्रत्येक निवाशाची तत्संबंधीची नोंद साथीपूर्वीच तयार असणे हिताचे असते. याशिवाय आजाऱ्यांसाठी राखीव खोली, त्यांच्यासाठी वेगळे कर्मचारी, मुखपट्ट्या व हातमोजे यांचा साठा, खेळती हवा, बदली कर्मचाऱ्यांची यादी आणि जवळच्या रुग्णालयाशी केलेला करार या बाबी लेखी योजनेत समाविष्ट असाव्यात.

हाँगकाँगचा अनुभव : लस आणि शिस्त यांपैकी एकच बाजू सांभाळल्यास काय होते, याचे उदाहरण हाँगकाँगमध्ये मिळते. २००३ मधील सार्सच्या साथीनंतर तेथे प्रत्येक वृद्धनिवासात संसर्ग-नियंत्रण अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली. या शिस्तीमुळे २०२० मधील कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत तेथील वृद्धनिवास जवळजवळ अबाधित राहिले. परंतु रोगच दिसेना, तेव्हा लशीची निकड वाटेनाशी झाली. अशक्त वृद्धाला लस सोसणार नाही, ही भीती कुटुंबीयांत होती. २०२२ च्या आरंभी अतिसंसर्गक्षम ओमिक्रॉन प्रकार आला, तेव्हा ऐंशीवरील बहुसंख्य व्यक्तींनी लस घेतलेली नव्हती. काही आठवड्यांत हजारो मृत्यू झाले व त्यांपैकी निम्म्याहून अधिक वृद्धनिवासांतील रहिवाशांचे होते.

भेटीबंदी व संमती : २०२० मध्ये अनेक देशांत वृद्धनिवासांतील भेटी महिनोन्‌महिने बंद ठेवण्यात आल्या. यातून जीव वाचले असतील. पण एकाकीपणा, खाणे कमी होणे व स्मृतिभ्रंश वाढणे हे परिणामही नोंदविले गेले. अनेकांचा अखेरचा श्वास आप्तांविना गेला. आयुष्याची मोजकी वर्षे उरलेल्या व्यक्तीच्या बाबतीत सुरक्षितता म्हणजे केवळ संसर्गाचा अभाव नव्हे. म्हणून आता सरसकट बंदीऐवजी प्रत्येक निवाशासाठी एक निकटचा आप्त ठरवून त्याला लसीकरण व मुखपट्टी यांच्या अटींवर साथीतही प्रवेश देण्याकडे कल आहे. लशीबाबत निवाशाची स्वतःची संमती घ्यावी लागते. स्मृतिभ्रंशामुळे ती देणे शक्य नसल्यास कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीची संमती घेतात. ही संमती साथीची वाट न पाहता, प्रवेशाच्या वेळीच चर्चिली जावी.

भारतातील स्थिती : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक २००७ च्या अधिनियमात राज्य शासनांनी टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम स्थापावा, अशी तरतूद आहे. कोविडच्या लसीकरणात ६० वर्षांवरील व्यक्तींचा समावेश १ मार्च २०२१ पासून झाला. पुण्यात तयार होणारी लस देशभर जात असली, तरी वृद्धाश्रमातील व्यक्तीला ती मिळण्यात दोन अडचणी होत्या : ओळखपत्राची अट आणि केंद्रापर्यंतचा प्रवास. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने ओळखपत्र नसलेल्या गटांसाठी विशेष कार्यपद्धती ठरविली व तीत वृद्धाश्रमवासीयांचा स्पष्ट उल्लेख केला. त्याच महिन्यात घराजवळील केंद्रांची, तर सप्टेंबरात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्याची मुभा मिळाली. लशीचा साठा असणे व ती दंडापर्यंत पोहोचणे यांतील अंतर या क्रमावरून कळते.

इन्फ्ल्यूएंझा, न्यूमोकॉकस व नागीण यांच्या लसी भारतातील वृद्धांना बहुतांशी स्वखर्चाने घ्याव्या लागतात. निराधारांच्या वृद्धाश्रमांना हा खर्च देणग्यांतून भागवावा लागतो. महाराष्ट्रासह देशाच्या बऱ्याच भागांत इन्फ्ल्यूएंझाचा जोर पावसाळ्यात असतो. त्यामुळे पाश्चात्त्य देशांप्रमाणे ऑक्टोबरात लस देण्याऐवजी येथे ती पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये देणे श्रेयस्कर होय. काश्मीरसारख्या हिवाळ्यात साथ येणाऱ्या प्रदेशात मात्र शरद ऋतू योग्य ठरतो.

वृद्धाश्रमाकडे निधी अपुरा असेल, तर अग्रक्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो : निवासी व त्यांना स्पर्श करणारे सर्व कर्मचारी (स्वयंपाकी व सफाई कामगार धरून) यांना पावसाळ्यापूर्वी इन्फ्ल्यूएंझाची लस, प्रत्येकाच्या लशींची लेखी नोंद, मधुमेहींसाठी स्वतंत्र टोचणी उपकरण, हात धुण्यासाठी मुबलक साबण-पाणी, आणि आजारी कर्मचाऱ्यास पगार न कापता घरी राहण्याची मुभा. यांतील शेवटची बाब वैद्यकात मोडत नाही. परंतु आजारी मदतनिसाला घरी थांबणे परवडले, तरच बाकीच्या उपायांचा पुरता उपयोग होतो.